हाऊसफुल्लचा हिशेब

या स्मरणिकेसाठी लिहायला सांगताना समितीनं मला 'शाळेच्या आठवणी' असा मोकळा विषय दिला होता. डबा, छडी, पहिल्या पावसातली प्रार्थना, हे सगळं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं असेल. त्याला मी हात लावत नाही. मला लिहायचंय गाण्याच्या कार्यक्रमांबद्दल. म्हणजे गाण्याबद्दल नव्हे, तर हे कार्यक्रम आपल्या उपनगरांत लोकांपर्यंत पोचवले कसे गेले आणि त्यांचा भार कोणी उचलला, याबद्दल. कारण हा प्रश्न आपल्यासमोर आज उभा आहे. विज्ञान प्रयोगशाळेच्या दुरुस्तीसाठी पुढच्या वर्षी गाण्याचा एक कार्यक्रम करायचं घाटतंय आणि समितीच्या गेल्या दोन बैठकांत सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणते, काम एखाद्या इव्हेंट कंपनीला देऊन मोकळे होऊ, प्रायोजक तेच आणतील. दुसरी म्हणते, आपण एवढे माजी विद्यार्थी आहोत, तिकिटं आपणच विकू.

मी १९८१च्या एसएससीच्या तुकडीतला. पोटापाण्यासाठी हिशेबतपासणीचं काम केलं. त्यात गणेशोत्सव मंडळं, वाचनालयं, संगीत मंडळं यांच्या कितीतरी वह्या डोळ्यांखालून गेल्या. त्यामुळे माझा इतिहास जमाखर्चाच्या पानांतून जातो. आपल्यातल्या गवयांनी माफ करावं.

चांगल्या कामासाठी गाणं आणि गाण्यासाठी तिकीट ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. तिचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मुंबईतच झाला. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जायचं होतं. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होते, तरी लोक तुटून पडले. आजच्या भाषेत याला काय 'प्रमोशन' लागलं असेल? दोन कंपन्यांचे चाहते एरवी एकमेकांशी वाद घालत; आता दोघांचे नट एका रंगमंचावर येणार, ही बातमीच पुरे होती. तोंडी बातमी पसरायला कागद लागत नाही. आणि पैसे कुठे जाणार हे आधीच जाहीर होतं, म्हणून महाग तिकीट घेताना कोणाला आपण लुबाडले जातोय असं वाटलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२३ साली, सरकारनं मुंबई इलाख्यासाठी करमणूक कराचा कायदा आणला. तिकिटावर कर, आणि तिकिटावर शिक्का. मात्र त्यात एक दार ठेवलं होतं: कार्यक्रमाचं सगळं उत्पन्न धर्मादाय कामाला जाणार असेल आणि खर्चापोटी त्यातून काही कापलं जाणार नसेल, तर कर माफ. 'खर्चापोटी काही न कापता' हे शब्द वाचताना साधे वाटतात, पण आपल्या शाळांच्या इमारतींचा इतिहास त्यांत दडलाय असं मला वाटतं. त्याकडे येतोच.

योगायोग म्हणजे त्याच १९२३ साली पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली. तेव्हा पार्ले, अंधेरी ही गावं होती, मुंबई नव्हे. महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-घाटकोपरकडे सरकली आणि १९५७ साली बोरिवली, मुलुंड आत आले. पण हद्द सरकली म्हणून नाट्यगृहं सरकली नाहीत. साहित्य संघ गिरगावात, शिवाजी मंदिर दादरला, षण्मुखानंद शीवला. मुलुंडच्या माणसानं रात्रीचा कार्यक्रम ऐकायचा म्हणजे शेवटच्या गाडीचं वेळापत्रक खिशात ठेवायचं. भैरवी सुरू झाली की मागच्या रांगांतली माणसं चपला शोधायला लागत, ती रसिकता कमी म्हणून नव्हे. गाडी चुकली तर रात्र फलाटावर काढावी लागायची.

म्हणून उपनगरांनी आपली सोय आपण केली आणि ती तीन ठिकाणी झाली. एक, गणपतीचा मांडव. दोन, संगीत मंडळ, ज्याला सगळे 'म्युझिक सर्कल' म्हणत. तीन, शाळेचं मैदान.

मांडवातलं गाणं फुकट असायचं असं आपण म्हणतो. हिशेबनीस म्हणून मला हे पटत नाही. मांडवात तिकीट नसायचं, एवढंच. वर्गणी असायची, आणि ती मागायला येणारा मुलगा ओळखीच्या घरातला असायचा. त्याच फेरीत तो सांगून जायचा, "काकू, शनिवारी गाणं आहे, नक्की या." वर्गणी आणि आमंत्रण एकाच पायरीवर. कलाकाराला बिदागी किती द्यायची हे गेल्या वर्षीच्या वर्गणीवरून ठरायचं, त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरले जायचे. कार्यक्रम पडला तरी कोणी बुडत नसे, कारण पैसे आधीच गोळा झालेले. याला आजचे लोक जोखीम वाटून घेणं म्हणतील. आमच्या वहीत त्याचं नाव 'वर्गणी जमा' एवढंच.

म्युझिक सर्कलची रीत याहून वेगळी. सांताक्रूझचं सबर्बन म्युझिक सर्कल, दादर-माटुंग्याकडची मंडळं, यांचा कणा म्हणजे वार्षिक सभासद. वर्षाचे पैसे एकदा भरायचे आणि मग येतील त्या बैठकी ऐकायच्या. जाहिरात म्हणजे एक पोस्टकार्ड: तारीख, वेळ, गायक, साथीदार. पोस्टकार्डाचा खर्च हाच प्रसिद्धीचा सगळा खर्च. या रीतीचा मोठा गुण असा की अनोळखी, तरुण गवयालासुद्धा श्रोते मिळत. लोक त्याचं नाव पाहून येत नसत, मंडळावर भरवसा ठेवून येत. तिकिटावर चालणाऱ्या कार्यक्रमात हे होत नाही. तिथे नावच विकलं जातं. सभासद पद्धतीचा दोषही सांगतो: सभासद म्हातारे होतात आणि नवे येत नाहीत. मी पाहिलेल्या दोन मंडळांच्या वह्या अशाच हळूहळू पातळ होत गेल्या.

आता शाळेचं मैदान. १९७०च्या दशकात ऑर्केस्ट्राचा जोर होता. अकॉर्डियन, बोंगो, झगमगीत कोट, मध्ये एक नकलाकार. जॉनी लिव्हर, सुदेश भोसले हे पुढे नावाजलेले लोक याच वर्तुळातून वर आले. शहरभर शाळा आणि संस्था 'मदतनिधीसाठी' ऑर्केस्ट्रा किंवा नाटक लावत. आपल्या शाळेनंही लावला. मी तेव्हा नववीत होतो. तिसरा मजला चढवायचा होता.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. चित्रकलेच्या सरांनी मांजरपाटाच्या कापडावर फलक रंगवले: लाल अक्षरं, पिवळी कडा, खाली वार-तारीख-वेळ. एक स्टेशनच्या पुलाखाली, एक भाजीबाजारात, एक शाळेच्या फाटकावर. पिवळ्या आणि गुलाबी कागदावर हँडबिलं छापून आणली, ती रविवारी पेपरवाल्यांच्या गठ्ठ्यांत सरकवली. शेवटच्या दोन दिवशी एका रिक्षावर भोंगा बांधून गल्लीबोळांतून घोषणा. पण हा सगळा खटाटोप लोकांना आठवण करून देण्यापुरता. खरी विक्री तिकिटांच्या पुस्तकांतून झाली. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला दहा तिकिटांचं एक पुस्तक, डावीकडे काउंटरफॉइल. विकलेल्या तिकिटाच्या काउंटरफॉइलवर घेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि न विकलेली तिकिटं ठरलेल्या दिवशी परत करायची. एका मुलाचं पुस्तक लोकलमध्ये हरवलं, तर वर्गशिक्षिकेनं त्याला ओरडण्याआधी त्या दहा तिकिटांचे क्रमांक कागदावर लिहून फाटकावरच्या स्वयंसेवकांना दिले. अशी तिकिटं घेऊन कोणी आलं नाही. पण व्यवस्था कशी होती ते यावरून कळावं.

शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी माझ्याकडून दोन तिकिटं घेतली आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही रे. पण तू आलास ना." ते कार्यक्रमाला आले नाहीत. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पण त्यांचे पैसे तिसऱ्या मजल्यात आहेत. आपल्यापैकी ज्यांनी त्या मजल्यावर बसून दहावी केली त्यांना हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

आणि दुसरी कमाई होती स्मरणिकेची. तुम्ही आत्ता हातात धरलीय तसलीच, पण न्यूजप्रिंटवर. किराणावाला, लाँड्री, सायकलवाला, टेलर, एक-दोन डॉक्टर, आणि पानाच्या तळाशी 'हार्दिक शुभेच्छा – एक हितचिंतक'. पाव पान, अर्धं पान, मागचं मलपृष्ठ. इथे मला कायद्यातले ते शब्द आठवतात. कर माफ हवा असेल तर तिकिटांच्या पैशातून खर्च कापायचा नाही. मग मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि ऑर्केस्ट्राचं मानधन द्यायचं कुठून? स्मरणिकेच्या जाहिरातींतून. तिकिटं इमारतीला आणि जाहिराती खर्चाला. शहरातल्या इतक्या शाळांनी आणि संस्थांनी अशा स्मरणिका का काढल्या, याचं निदान एक कारण हे असावं असा माझा तर्क आहे. साहित्यसेवा हे दुसरं कारण, पण ते नंतरचं.

याच सुमारास आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत नाट्यगृहंही उपनगरांत आली. पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास. त्यांच्याबरोबर तिकीटविक्रीची एक नवी भाषा आपल्या कानांवर पडली: "प्लॅन कधी उघडतोय?" प्लॅन म्हणजे बैठकव्यवस्थेचा मोठा कागद. बुकिंगच्या खिडकीमागे बसलेला माणूस विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीनं खूण करायचा. रांगेतल्या माणसाला तो कागद अर्धवट दिसायचा आणि त्यावरून तो अंदाज बांधायचा की कार्यक्रम चाललाय की नाही. कसलेले व्यवस्थापक म्हणूनच प्लॅनवर पहिल्या दिवशी मधल्या काही खुर्च्यांवर खुणा करून ठेवत, असं ऐकलंय. जाहिरात अशीही असते. अशोक हांडे यांच्या 'मंगलगाणी दंगलगाणी'सारखे मराठी गाण्यांचे मोठे कार्यक्रम या नाट्यगृहांत वर्षानुवर्षं चालले, ते वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीपेक्षा आदल्या प्रयोगाहून घरी गेलेल्या माणसांच्या बोलण्यावर. एका बाईनं पाहिलं की तिच्या भिशीतल्या बाकीच्या जणींचं बुकिंग झालंच.

आता १९९६. या वर्षाशिवाय अंधेरीच्या कार्यक्रमांचा इतिहास लिहिताच येत नाही.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी वीरा देसाई रोडवरच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. आयोजन विझक्राफ्ट या कंपनीचं. उत्पन्न शिव उद्योग सेनेला, म्हणजे राज ठाकरे यांच्या पुढाकारानं बेरोजगार तरुणांसाठी स्थापन झालेल्या संस्थेला. राज्यात मनोहर जोशी मुख्यमंत्री होते. जॅक्सन विमानतळावर उतरला तेव्हा स्वागताला सोनाली बेंद्रे होती, मग 'मातोश्री'वर भेट. रोजच्या पेपरात दुसरं काही नसायचं. आपल्या वयाच्या लोकांना ते दिवस आठवत असतील. आम्ही काही तिकीट काढून आत गेलो नाही. एका मित्राच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. गच्चीवर इतकी गर्दी होती की सोसायटीच्या सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीच्या झाकणावर एक माणूस बसवला होता.

त्यावेळी वाद झाला तो संस्कृतीचा. आपल्या तरुणांना काम मिळवून द्यायला अमेरिकेतला पॉप गायक कशाला, वगैरे. माझ्या मते तो वाद फारसा महत्त्वाचा नव्हता. महत्त्वाचा होता कराचा. सरकारनं या कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. रक्कम तीन कोटींहून अधिक होती. मुंबई ग्राहक पंचायतीनं या माफीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. प्रकरण रेंगाळलं आणि पैसे अडकून राहिले. जून २००९ मध्ये जॅक्सन वारला. २०११ साली न्यायालयानं माफीचा तो निर्णय रद्द करून सरकारला नव्यानं विचार करायला सांगितलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १९९६च्या त्या कार्यक्रमाचा कर पुन्हा माफ केला. गाणारा गेला, कर गेला, फाइल मात्र जवळपास पंचवीस वर्षं जिवंत होती.

मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी. आपल्या मैदानावरचा ऑर्केस्ट्रा आणि अंधेरीचा जॅक्सन, दोन्ही १९२३च्या त्याच जुन्या कायद्याखाली माफी मागायला उभे होते. प्रश्न एकच: पैसे शेवटी कुठे जाणार? आपल्या वेळी उत्तर डोळ्यांना दिसत होतं. विटा रचल्या जात होत्या आणि तिकीट घेणारा रोज त्यांच्यावरून चालत होता. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात ते उत्तर कागदावरच शोधावं लागतं, म्हणून न्यायालय लागलं. जॅक्सनला किंवा आयोजकांना नावं ठेवण्याचा यात हेतू नाही. एवढा मोठा तंबू उभा करायला कंपनीच लागते, मंडळाच्या कार्यकर्त्यांचं ते काम नव्हे. परदेशी कलाकाराचा एवढा मोठा कार्यक्रम उपनगरात उभा राहू शकतो हे त्यांनी दाखवलं, आणि त्यातून या शहरात एक नवा धंदा वाढला.

तो धंदा वाढला त्याला दुसरंही एक कारण आहे: जुन्या वाटा बंद होत गेल्या. १९९५च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानं भिंती आणि खांब गेले. चित्रकलेच्या सरांचा तो मांजरपाटाचा फलक आज पुलाखाली टांगायचा तर आधी परवानगी काढावी लागेल. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस सोडून. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांना शांतता क्षेत्राचं संरक्षण. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ पासून 'जॅझ यात्रा' होत असे, पुढे रॉकवाल्यांचा 'इंडिपेंडन्स रॉक' होत असे. आजूबाजूला कॉलेज आणि रुग्णालय, म्हणून ते खुलं नाट्यगृह गाण्यासाठी बंद पडलं. नंतर रॉकची मंडळी अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आली. रुग्णाच्या उशाशी भोंगा नको हे मला मान्यच आहे. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात खालच्या मांडवातल्या आवाजानं आम्ही काय सोसलं ते मी जाणतो. पण नियमानं मैदानाच्या कार्यक्रमाची जागा घेतली ती बंद, वातानुकूलित, महागड्या सभागृहांनी, आणि तिथलं भाडं तिकिटाच्या पुस्तकांवर निघत नाही. मग प्रायोजक आला.

प्रायोजकाबद्दल माझं मत माझ्या एका अनुभवावरून बनलंय. पूर्व उपनगरातल्या एका मंडळाचा हिशेब मी बघायचो. त्यांनी सुवर्णमहोत्सवाला गाण्याचा मोठा कार्यक्रम ठरवला, एका कंपनीनं सगळा खर्च उचलायचं पत्र दिलं. त्या भरवशावर तिकिटं जवळजवळ वाटूनच टाकली. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना कंपनीनं अंग काढून घेतलं. कलाकारांची सुपारी दिलेली, सभागृहाचं भाडं भरलेलं. मंडळानं मुदत ठेव मोडली. त्या वर्षी त्यांच्या वाचनालयात एकही नवं पुस्तक आलं नाही. कार्यक्रम मात्र हाऊसफुल्ल झाला, फोटो सुंदर आहेत.

दांडियाचं वेगळं जग आहे. बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला नवरात्रात जे होतं त्याच्या प्रसिद्धीला भिंतही लागत नाही आणि भोंगाही. फाल्गुनी पाठक यांचं नाव पुरतं, आणि पासेस एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातात. तो विषय माझ्यापेक्षा आपल्या गुजराती वर्गमित्रांनी लिहावा.

बाकी आता सगळं फोनवर आलंय. बुकमायशो २००७ पासून, आणि प्लॅनवरच्या पेन्सिलीच्या खुणेऐवजी हिरवा-राखाडी चौकोन. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा तिकिटांसाठी फोनवरच्या रांगेत कोटीभराहून जास्त लोक उभे होते म्हणतात. माझी भाचीही होती. तिला रांगेतला जो क्रमांक मिळाला तो मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतला, कारण तेवढे आकडे मी फक्त ताळेबंदात पाहिले होते. तिकीट मिळालं नाहीच. पण ते तिकीट तिला विकायला कोणी पायऱ्या चढून आलं नव्हतं, आणि मिळालं नाही म्हणून वाईट वाटणारंही पलीकडे कोणी नव्हतं.

तर आपल्या कार्यक्रमाकडे येतो. माझं मत समितीला लेखी दिलं आहे, इथे थोडक्यात मांडतो.

मैदानावर कार्यक्रम नको. आपली शाळाच शांतता क्षेत्राचं कारण आहे. तिच्याच नावानं परवानगीसाठी खेटे घालणं बरं दिसत नाही. पालिकेचं नाट्यगृह घ्यावं. तारखा बऱ्याच आधी वाटल्या जातात, म्हणून अर्ज लगेच करावा, आणि सकाळचा किंवा दुपारचा प्रयोग घ्यावा. आपल्यातले पुष्कळजण आता रात्रीच्या गाडीला घाबरतात, शेवटची चुकेल म्हणून नव्हे, जिने चढवत नाहीत म्हणून. तिकीट पाचशे रुपयांच्या आत ठेवावं: २०१८ पासून गाण्याच्या कार्यक्रमाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि पाचशेच्या आत असलं की माणूस बायकोला विचारल्याशिवाय दोन घेतो. गाण्यांच्या हक्कांचे पैसे आधी भरावेत; 'कोण विचारतंय' असं म्हणणारे बैठकीत आहेत, त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याच शाळेतून निघालेले दोन-तीन वादक व्यावसायिक झालेत, त्यांना बोलवावं, पण फुकट नाही. मानधन द्यावं.

प्रायोजकाला माझी ना नाही. त्यानं स्मरणिकेत पान घ्यावं, पैसे छपाईआधी द्यावेत. खर्च जाहिरातींतून, प्रयोगशाळा तिकिटांतून, ही जुनी वाटणी तशीच ठेवावी. कायदा आता तसं मागत नाही. पण "तुमच्या तिकिटाचा रुपया न् रुपया प्रयोगशाळेत जाईल" हे वाक्य दारात उभं राहून म्हणता आलं पाहिजे, आणि इव्हेंट कंपनीच्या करारावर सही केली की ते म्हणता येत नाही. तिच्या कमिशनवर माझा राग नाही, तो तिचा हक्कच आहे. फक्त ते वाक्य जातं.

ऑनलाइन विक्रीही ठेवावी, अमेरिकेत आणि दुबईत बसलेल्यांसाठी. येणार नसले तरी ते घेतील, आजोबांसारखे. मात्र पुस्तकंही छापावीत, काउंटरफॉइलसकट.

मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी दुसरं एक टेबल असेल. तिथे मी बसलेला असेन, वही घेऊन. आपलं नाव, तुकडीचं वर्ष आणि आपण स्वतः जाऊन किती तिकिटं विकू शकाल तो आकडा लिहा. शंभर लिहून दहा विकणाऱ्यापेक्षा चार लिहून चार विकणारा मला हवाय. आकड्यांची बेरीज नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या निम्म्यापर्यंत गेली, तर तारखेचा अर्ज दुसऱ्याच दिवशी जाईल. नाही गेली, तर यंदाचा कार्यक्रम मी स्वतः पुढे ढकलायला सांगणार आहे.